हल्ल्यानंतरची बातमी आणि मतपेटी

२३ ऑगस्ट २०२४ च्या शुक्रवारी रात्री जर्मनीतल्या झोलिंगन शहरात शहराच्या ६५० व्या वर्धापनाचा उत्सव रंगात आला असताना एका सीरियन आश्रयार्थ्याने चाकूने तिघांचा जीव घेतला. या माणसाला आदल्या वर्षीच बल्गेरियाला परत पाठवायचे ठरले होते, आणि ते झाले नव्हते. हल्ल्यानंतर नवव्या दिवशी, १ सप्टेंबरला, थुरिंगिया आणि सॅक्सनी या पूर्वेकडच्या दोन राज्यांत मतदान झाले. स्थलांतरविरोधी ‘एएफडी’ (आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड) हा पक्ष थुरिंगियात ३२.८ टक्के मते घेऊन पहिला आला आणि सॅक्सनीत ३०.६ टक्के मतांसह थोडक्यात दुसरा राहिला. महायुद्धानंतरच्या जर्मनीत एखाद्या राज्याच्या निवडणुकीत अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर येण्याची ही पहिलीच वेळ. मतदानाला दोन दिवस उरले असताना तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांच्या सरकारने शिक्षा झालेल्या २८ अफगाणांना विमानात बसवून मायदेशी पाठवले होते, आणि मतदानानंतर दोन आठवड्यांनी देशाच्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू झाली. आधी हल्ला, मग संताप, मग उजव्या पक्षाला मते, अशी ही साखळी डोळ्यांसमोर सहज उभी राहते. ती चुकीची आहे असे म्हणता येत नाही, पण तिच्यातली मधली कडी हरवलेली आहे. थुरिंगियात एएफडी हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून मतचाचण्यांत तीस टक्क्यांच्या आसपास होता. मग हल्ल्याने नेमके काय केले?

हल्ला मतदाराचे मत फारसे बदलत नाही. मतदान कोणत्या प्रश्नावर व्हायचे, ते तो बदलतो. आणि हा बदल हल्ला स्वतः करत नाही, हल्ल्याची बातमी करते. झोलिंगनच्या त्या चौकात काही हजार माणसे असतील. थुरिंगियातले मतदार तिथून कित्येक कोस दूर होते. त्यांच्यापर्यंत जे पोचले ते दूरदर्शनवर, वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर आलेले हल्ल्याचे वर्णन, आणि त्या वर्णनात हल्ल्याचा संबंध कशाशी जोडला होता ते. एखादी हिंसक घटना मनोरुग्णाची गोष्ट म्हणून सांगता येते, पोलिसांच्या ढिलाईची म्हणून सांगता येते, धर्मांधतेची म्हणून किंवा स्थलांतराची म्हणूनही. यांतली कोणती चौकट वापरायची याची निवड वृत्तकक्षात पहिल्या दोन-तीन तासांत होते, बहुतेकदा पुरेशी माहिती हातात येण्याआधी.

प्रसारमाध्यमे लोकांना काय मत बाळगावे हे सांगण्यात फारशी यशस्वी होत नाहीत, पण कशाविषयी विचार करावा हे सांगण्यात होतात, हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकेतल्या मॅक्सवेल मॅकोम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या, कोणाला मत द्यायचे हे अजून न ठरलेल्या मतदारांना देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते, ते विचारले. त्यांच्या उत्तरांचा क्रम आणि त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. युरोपातील स्थलांतराच्या राजकारणावर हेच निरीक्षण लावून जेम्स डेनिसन आणि अँड्र्यू गेडीस यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, स्थलांतरितांविषयी युरोपीय लोकांची मते त्याआधीच्या दशकात बऱ्यापैकी स्थिर होती. काही देशांत तर ती किंचित मवाळच झाली होती. वाढले ते त्या प्रश्नाचे मनातले वजन. स्थलांतर नको असे वाटणारा मतदार पूर्वीही होताच. फक्त तो निवृत्तिवेतन, शाळा, घरभाडे या हिशेबाने मत देत होता. स्थलांतर हाच देशापुढचा पहिला प्रश्न आहे असे त्याला वाटू लागले की, तो त्या प्रश्नाची मालकी ज्या पक्षाकडे आहे त्याच्याकडे जातो. २०१३ मध्ये युरो चलनाला विरोध करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी स्थापलेला एएफडी पक्ष त्या वर्षी ४.७ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर राहिला. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत जर्मनीत आश्रयाचे सुमारे बारा लाख अर्ज आले, पक्षाने युरो बाजूला ठेवून स्थलांतर हाती घेतले, आणि २०१७ मध्ये तो १२.६ टक्के मतांसह संसदेत पोचला.

हे सगळे पटण्यासारखे असले तरी तो पुरावा नव्हे. हल्ला जिथे होतो ती गावे आधीच अस्वस्थ असतील, तिथे आधीच उजवे वारे वाहत असेल, तर मतांतली वाढ हल्ल्यामुळे झाली असे म्हणायला आधार काय? फ्रँकफर्टच्या गटे विद्यापीठातील नवीद साबेत, मारिउस लीबाल्ड आणि ग्विडो फ्रीबेल या तीन संशोधकांनी या अडचणीवर मोठी हुशार वाट काढली. त्यांनी हल्ला झालेल्या गावांची तुलना शांत गावांशी केली नाही. हल्ला ‘यशस्वी’ झालेल्या गावांची तुलना हल्ला फसलेल्या गावांशी केली. बॉम्ब फुटला की नाही, पेटवलेली बाटली खिडकीतून आत पडली की भिंतीवर आपटून विझली, यात नशिबाचा भाग मोठा असतो. म्हणजे दोन्ही प्रकारची गावे मुळात सारखीच. तरीही जिथे हल्ला यशस्वी झाला, तिथे नंतरच्या राज्य निवडणुकीत एएफडीचा मतांमधला वाटा सुमारे सहा टक्क्यांनी जास्त निघाला. संघराज्याच्या निवडणुकीत एवढा परिणाम सरसकट दिसत नाही, पण ज्या हल्ल्यांना माध्यमांत जास्त प्रसिद्धी मिळाली त्यांच्याबाबतीत तिथेही दिसतो. राज्याची निवडणूक स्थानिक बातमीवर चालते, देशाची देशव्यापी बातमीवर. परिणामाची पोच बातमीच्या पोचीइतकीच, एवढे यातून निघते.

या अभ्यासातली खरी चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यात मोजलेले बहुतेक हल्ले स्थलांतरितांनी केलेले नव्हतेच. ते अतिउजव्यांनी स्थलांतरितांवर केलेले हल्ले होते: आश्रयार्थींच्या निवाऱ्यांना लावलेल्या आगी, त्यांच्या घरांवर फेकलेले दगड आणि बाटल्या. मार खाणारा परका, मारणारा गावातला, आणि तरी हल्ल्यानंतर लोकांची काळजी वाढली ती स्थलांतराविषयी, आणि मते गेली ती स्थलांतरविरोधी पक्षाला. निव्वळ भीतीने याचा उलगडा होत नाही. भीती असती तर ती आगी लावणाऱ्यांची वाटायला हवी होती. उलगडा होतो तो विषयपत्रिकेने. आश्रयार्थींच्या निवाऱ्याला आग लागली की, गावात चर्चा सुरू होते निवाऱ्याची: तो इथे का आहे, किती माणसे आली, कोणी आणली. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणीही उभा असो, खटला स्थलांतरावरच चालतो. अर्थात याला अपवाद आहेत. १९ फेब्रुवारी २०२० ला हानाउ शहरात एका वंशद्वेष्ट्याने परदेशी वंशाच्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, आणि चारच दिवसांनी झालेल्या हॅम्बुर्गच्या निवडणुकीत एएफडी ६.१ वरून ५.३ टक्क्यांवर आला. त्या चार दिवसांत जर्मन माध्यमे वंशद्वेषाविषयी आणि या पक्षाच्या भाषेविषयी बोलत होती. एका निवडणुकीवरून सिद्ध काहीच होत नाही, पण हा अपवाद नियमाच्या विरोधात जात नाही. चर्चेचा विषय बदलला तर मतेही वेगळी पडू शकतात, एवढे तो सुचवतो.

कोणता हल्ला किती मोठी बातमी होतो, यातही समानता नाही. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या दहशतवादी हल्ल्यांचा एरिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. बळींची संख्या, लक्ष्य, अटक झाली की नाही हे सारे जमेस धरूनही, हल्लेखोर मुस्लिम असेल तेव्हा त्या हल्ल्याला सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाली होती. जर्मनीत उलट टोकाचे उदाहरण आहे. ‘एनएसयू’ या नवनाझी टोळीने २००० ते २००७ या काळात दहा खून केले. मरणारे बहुतेक तुर्की वंशाचे छोटे दुकानदार. पोलीस त्यांच्याच कुटुंबीयांवर आणि परदेशी गुन्हेगारी टोळ्यांवर संशय घेत राहिले आणि वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला तुर्की खाद्यपदार्थावरून ‘डोनर खून’ असे नाव दिले. २०११ मध्ये टोळी उघडकीला आली तेव्हा जर्मन भाषाभ्यासकांच्या समितीने हाच शब्द त्या वर्षाचा सर्वांत निंद्य शब्द ठरवला. म्हणजे वर्षानुवर्षे चाललेला दहशतवाद त्या काळात वाचकांना परक्यांच्या आपसातल्या गुन्हेगारीची बातमी म्हणून मिळाला. २२ जुलै २०१६ ला म्युनिकच्या एका व्यापारी संकुलात नऊ जण मारले गेले, तेव्हा त्या रात्री सारे शहर इस्लामी हल्ल्याच्या धास्तीत होते. हल्लेखोराचा हेतू अतिउजवा होता अशी नोंद बव्हेरियाच्या पोलिसांनी अधिकृतपणे केली ती २०१९ मध्ये. तोवर संघराज्याची आणि राज्याची, दोन्ही निवडणुका होऊन गेल्या होत्या.

माग्देबुर्गचे प्रकरण तर याहून विचित्र. २० डिसेंबर २०२४ ला एका डॉक्टरने नाताळच्या बाजारात गाडी घुसवली. सहा जण मेले, शेकडो जखमी झाले. माणूस सौदी अरेबियातून आलेला, हे कळताच अर्थ लावून झाला. पुढे कळले ते असे की, तो इस्लामचा कडवा टीकाकार होता आणि समाजमाध्यमांवर एएफडीविषयी सहानुभूती दाखवत होता. ही माहिती लपवली गेली नाही, ठळकपणे छापली गेली. तरीही पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात माग्देबुर्गचे नाव स्थलांतराच्या हल्ल्यांच्या यादीतच घेतले गेले. नंतरची दुरुस्ती कितीही प्रामाणिक असली तरी पहिल्या रात्रीचे शीर्षक ती पुसू शकत नाही.

इथे एक आक्षेप सरळ उभा राहतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. परक्यांनी केलेले गुन्हे खोटे आहेत का? झोलिंगनचा हल्लेखोर परत पाठवायला हवा होता, डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घालणाऱ्या अनिस आमरीचाही आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता. जर्मन पोलिसांच्या २०२४ च्या आकडेवारीत, निव्वळ स्थलांतराच्या नियमांचे भंग वगळूनही, संशयितांमध्ये सुमारे ३५ टक्के बिगर-जर्मन आहेत. लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या दुपटीहून जास्त. तरुण पुरुषांचे मोठे प्रमाण, गरिबी, मोठ्या शहरांतली वस्ती ही कारणे त्यामागे आहेत, पण आकडा खरा आहे. मग वर्तमानपत्राने तो सांगू नये का? सांगावा, आणि न सांगण्याची किंमत जर्मन माध्यमांनी मोजलेली आहे. २०१५ च्या ३१ डिसेंबरला रात्री कोलोनच्या स्थानकाबाहेर शेकडो स्त्रियांचा विनयभंग झाला, संशयितांत उत्तर आफ्रिकेतले पुष्कळ होते, आणि ‘झेडडीएफ’ या सार्वजनिक वाहिनीने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या मुख्य बातमीपत्रात या घटनेचा उल्लेखच केला नाही. वाहिनीला माफी मागावी लागली. त्या चार-पाच दिवसांच्या मौनाचा एएफडीला झाला तेवढा फायदा दहा भाषणांनी झाला नसता.

पण ‘सांगा’ आणि ‘लपवा’ एवढे दोनच मार्ग आहेत हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि ते दाखवणारा प्रयोग ड्रेस्डेनमध्ये झाला. एएफडीचा बालेकिल्ला असलेल्या सॅक्सनीतल्या ‘सेक्सिशे त्साइटुंग’ या दैनिकाने जुलै २०१६ मध्ये ठरवले की, यापुढे गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीत आरोपीचे मूळ छापायचे: परदेशी असला तरी, आणि जर्मन असला तरी. आरोपीचे मूळ दडवले जाते, म्हणजे तो परदेशीच असणार, असा संशय वाचकांत पसरला होता. आपल्याकडे ‘दोन गटांत’ असे छापून येते आणि वाचक आडनावांचा अंदाज बांधतोच, तसे. या निर्णयावर त्या वेळी भरपूर टीका झाली. वंशद्वेषाला खतपाणी मिळेल असे अनेकांना वाटले. पुढे सेकू केईता, तोमा रेनो आणि जेरोम वालेत या संशोधकांनी २०१४ ते २०१८ मधल्या गुन्ह्यांच्या चार लाखांहून अधिक बातम्या आणि लोकांच्या पाहण्या शेजारी ठेवून तपासल्या. निघाले ते उलटेच. आरोपीचे मूळ दरवेळी सांगितल्यामुळे, विशेषतः तो जर्मन असताना सांगितल्यामुळे, या दैनिकाच्या प्रदेशातल्या लोकांची स्थलांतराविषयीची काळजी कमी झाली. चोरी, मारामारी, बलात्कार यांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा ‘आरोपी जर्मन’ असे वाचल्यावर वाचकाच्या डोक्यातले प्रमाण आपोआप दुरुस्त होत गेले. बातमीदारीचे अभ्यासक थॉमस हेस्टरमान यांनी वाहिन्यांच्या गुन्हेवृत्तांची वर्षानुवर्षे मोजणी करून दाखवलेला दोष नेमका हाच होता: संशयित परदेशी असेल तेव्हाच त्याचे मूळ सांगितले जाते, त्यामुळे पडद्यावर परदेशी संशयितांचे प्रमाण पोलिसांच्या आकड्यांच्या कितीतरी पट दिसते. त्या बातम्यांतले एकही वाक्य खोटे नसते. खोटी असते ती बेरीज.

ही बेरीज मतपेटीत उतरते का, याचे एक उत्तर स्वित्झर्लंडकडून मिळते. तिथे मोजून चार मिनार होते, तरी २९ नोव्हेंबर २००९ च्या सार्वमतात ५७.५ टक्के मतदारांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी मंजूर केली. मातिए कुतनिए आणि सहकाऱ्यांनी मतदानापूर्वीच्या स्विस वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांच्या बातम्या प्रत्यक्ष गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. परदेशी आरोपी असलेले गुन्हे छापून येण्याची शक्यता जास्त होती, आणि ज्या भागांत अशा बातम्या जास्त पोचल्या तिथे बंदीच्या बाजूची मते वाढली. पक्षपात नसता तर बंदीचे मताधिक्य काही टक्क्यांनी घटले असते, पण बंदी तरीही मंजूर झाली असती, असा त्यांचा हिशेब. हा तपशील मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बातमी निवडणूक घडवत नाही, ती तिला कलते करते. आणि ज्या निवडणुका दोन-तीन टक्क्यांवर ठरतात तिथे तेवढे पुरते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. २०२५ च्या जर्मन निवडणुकीत हा सिद्धांत फसला, असे कोणी म्हणू शकेल. २२ जानेवारीला आशाफेनबुर्गमध्ये एका अफगाण माणसाने चाकूने दोन वर्षांच्या मुलाला आणि त्याला वाचवू पाहणाऱ्या एका पुरुषाला मारले. १३ फेब्रुवारीला म्युनिकमध्ये दुसऱ्या अफगाणाने मोर्चात गाडी घातली, त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी दगावली. मतदान २३ फेब्रुवारीला. दोन्ही घटनांनी आठवडेच्या आठवडे बातम्या व्यापल्या. एएफडी मात्र जानेवारीच्या सुरुवातीला विसेक टक्क्यांवर होता आणि निकालात २०.८ वर. म्हणजे जागचा हलला नाही! खरे आहे. पण एएफडीची मते एवढेच मोजले तर परिणाम दिसणार नाही. बातम्यांच्या दाबाखाली हलले ते बाकीचे पक्ष. आशाफेनबुर्गनंतर आठवड्याभरात तेव्हाचे विरोधी पक्षनेते फ्रीडरिश मेर्त्स यांनी सीमेवरूनच परत पाठवण्याचा ठराव संसदेत आणला आणि २९ जानेवारीला तो एएफडीच्या मतांवर अगदी थोड्या फरकाने मंजूर करून घेतला. या पक्षासोबत जायचे नाही, ही संघराज्याच्या संसदेत इतर पक्षांनी वर्षानुवर्षे पाळलेली मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली. एवढे करून मेर्त्स यांच्या आघाडीची मते वाढली नाहीत. ती साडेअठ्ठावीस टक्क्यांवर अडकली. उलट ठरावाच्या विरोधात लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि मरणासन्न समजला जाणारा डावा पक्ष ‘दी लिंके’ ८.८ टक्क्यांवर पोचला. एएफडीच्या वीस टक्क्यांना २०२१ शी ताडून पाहिले तर ते दुप्पट आहेत. ती वाढ एका हल्ल्याने नव्हे, तर चार वर्षांत साचत गेलेल्या बातम्यांनी आणि महागाई, ऊर्जा, सरकारातली भांडणे अशा इतर कारणांनी मिळून झाली. शेवटच्या महिन्यात ती वाढायला जागाच उरली नव्हती. निवडणूक मात्र एएफडीच्या प्रश्नावर लढली गेली, त्या पक्षाच्या विरोधकांकडूनसुद्धा.

हल्ल्यानंतर लोक उजवीकडेच झुकतात हाही समज खरा नाही. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटून १९० हून अधिक माणसे मेली. तीन दिवसांनी मतदान होते. उजव्या सरकारने दोष बास्क संघटना ‘एटा’वर टाकला, पुरावे इस्लामी गटाकडे बोट दाखवू लागले, आणि बातम्यांचा विषय झाला सरकारचे खोटे बोलणे आणि इराक युद्धातला सहभाग. समाजवादी जिंकले. मुंबईचा दाखला आपल्याला जवळचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख, उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील आणि केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील या तिघांना पायउतार व्हावे लागले, आणि तरी सहा महिन्यांत झालेल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने जिंकल्या. मनसेने युतीची मते खाल्ली हे त्याचे मोठे कारण होते, पण एवढेही खरे की तो हल्ला समुद्रातून आलेला होता आणि शहरातल्या कोणत्याही वस्तीच्या माथी मारण्याजोगा नव्हता. स्थलांतराची चौकट तिथे बसलीच नाही.

हे सगळे आता समाजमाध्यमांच्या हाती गेले, संपादकांना दोष देऊन काय उपयोग, असेही म्हटले जाते. अफवा तिथून पसरतात हे खरेच. पण माग्देबुर्ग किंवा झोलिंगनच्या वेळी मोबाइलवर फिरत होते त्यात वाहिन्यांचेच तुकडे आणि वर्तमानपत्रांचीच शीर्षके पुष्कळ होती. जर्मन पत्रपरिषदेने मार्च २०१७ मध्ये आपल्या आचारसंहितेतला नियम बदलून आरोपीचे मूळ सांगण्याची मुभा वाढवली, पण ‘सार्वजनिक हित असेल तेव्हा’ अशी अट ठेवली. म्हणजे निवड पुन्हा संपादकाकडेच, आणि निवड आली की प्रमाण बिघडणे आले. माझ्या मते ड्रेस्डेनच्या दैनिकाची रीत अधिक चांगली, कारण तिच्यात कोणाच्या सद्हेतूवर विसंबावे लागत नाही. संपादक ती पाळतील किंवा न पाळतील. वाचकाने मात्र हल्ल्याची पुढची मोठी बातमी वाचून झाल्यावर त्याच अंकाची आतली पाने उलटून, गुन्ह्याच्या किती बातम्यांत आरोपी कुठला हे छापलेले नाही, तेवढे मोजून पाहावे.